शेवटची बस आणि रिकामी सभागृहे

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकाने बसगाड्या आणि फेरीबोटी यांची चर्चा आपल्या पानांवर करावी, हे काही वाचकांना खटकेल. हा विषय महापालिकेचा, फार तर विधानसभेचा. सरस्वतीच्या मंदिरात डिझेलचा धूर कशाला, असेही कोणी म्हणेल. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. गेली कित्येक वर्षे गोव्यातील मराठी संस्थांच्या व्यासपीठांवरून एकच विलाप ऐकू येतो. श्रोते घटले, तरुण फिरकत नाहीत, व्याख्यानमाला ओस पडल्या, मराठीचे पुढे काय होणार? या विलापाची कारणेही ठरून गेलेली आहेत: दूरचित्रवाणीच्या वाहिन्या, इंग्रजी शाळा, हातातला मोबाईल. ही कारणे खोटी नाहीत. परंतु या यादीत एक कारण कधीच सापडत नाही, कारण ते फार सामान्य आणि फार गद्य आहे. ते असे, की संध्याकाळी सातनंतर पणजीतून आपल्या गावाकडे बस मिळेल याची खात्री कोणालाही देता येत नाही.

सभा साडेपाचची ठेवली तरी पावणेसातला तिसऱ्या रांगेतले कोणी हळूच उठते. वक्ता रंगात आलेला असतो, अध्यक्षांचे भाषण अजून व्हायचे असते. पण उठणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याला डिचोलीच्या किंवा चोडणच्या वाटेला लागायचे असते. ज्या घरात मोटार आहे आणि ती चालवणारा मुलगा गावात आहे, ते घर आभारप्रदर्शनापर्यंत बसते. ज्या घरातली मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा सातासमुद्रापलीकडे गेली आहेत, त्या घरातली दोन वृद्ध माणसे येईनाशी होतात. पुढच्या वर्षी आपण त्यांचे नाव निमंत्रणाच्या यादीतून गाळतो आणि म्हणतो, लोकांची आवड बदलली!

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. पणजीला वाहनांची वाण नाही, पुलांची नाही आणि पाण्याची तर नाहीच नाही. वाण आहे ती वेळापत्रकाची. बस आणि फेरीबोट या दोघींनाही बांधणारे, धक्क्यावर आणि थांब्यावर छापून लावलेले, आणि पाळले गेले नाही तर ज्याबद्दल कोणाला तरी जाब विचारता येईल, असे एक वेळापत्रक या शहरापाशी नाही. ते मिळेपर्यंत नवे पूल, नव्या नौका आणि नव्या घोषणा यांनी सामान्य माणसाचा प्रवास सुधारणार नाही, आणि आपल्या सभागृहांतील मागच्या रांगाही भरणार नाहीत.

पणजी हे मुळात पाण्याने घडवलेले शहर आहे. १८४३ मध्ये ते राजधानी झाले, त्याच्या दोनशे वर्षे आधी, १६३३-३४ मध्ये, पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरांचा बांधपूल उभा राहिला होता. त्या बांधाखेरीज बाकी सारा व्यवहार होडीचा. बार्देशातून येणारा माणूस बेतीला उतरे आणि तरीतून किंवा पुढे ‘गॅसोलीन’मधून मांडवी ओलांडी, गॅसोलीन हे लाँचचे जुने गोमंतकीय नाव अजूनही वृद्धांच्या तोंडी आहे, जसे बसला ‘कारेर’ म्हणणारेही काही उरले आहेत. दिवाडी बेटावरचा सप्तकोटीश्वर पोर्तुगीज अमलात नदी ओलांडूनच नार्व्याला नेण्यात आला, आणि तेथील देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी करविला. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय सैन्याची तुकडी बेतीच्या काठावर येऊन थांबली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवी पार करून पणजीत उतरली. देव आणि स्वातंत्र्य ही दोन्ही ज्या भूमीत पाण्यावरून आली, तिथे नदीला अडथळा मानणे हे अलीकडचे खूळ आहे.

मांडवीवर मोटारींचा पहिला पूल झाला तो १९७० च्या सुमारास. त्या दिवसापासून शहराने नदीकडे पाठ फिरवली. ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला आणि त्याच शहराला, त्याच संध्याकाळी, फेरीबोट आठवली. नवा पूल १९९२ मध्ये खुला होईपर्यंतच्या काळात बार्देश आणि तिसवाडी यांच्यामधली हजारो माणसांची ये-जा नदीने पुन्हा आपल्या अंगावर घेतली. त्या वर्षांत नोकरी केलेल्या आमच्या वाचकांना पावसाळ्यातल्या रांगा, घसरडा उतार आणि माणसे, सायकली, भाजीच्या पाट्या यांनी भरलेला फळीचा काठ आठवत असेल. हाल झाले, यात शंका नाही. परंतु हालांतून एक गोष्ट सिद्धही झाली. हजारो माणसे रोज पाण्यावरून नेता येतात. त्यासाठी लागते ती निकड आणि शिस्त. निकड संपली तशी शिस्तही गेली. २७ जानेवारी २०१९ रोजी ‘अटल सेतू’ हा तिसरा पूल खुला झाला. आज मांडवीवर मोटारींसाठी तीन पूल शेजारी शेजारी उभे आहेत आणि त्यांच्या सावलीत फेरीबोट आपली जुनी खेप करते आहे. पुलांची शिस्त काय, भाडे काय, फायदा काय, हे कोणी विचारत नाही. हे प्रश्न विचारले जातात ते फक्त बसला आणि बोटीला.

बसचा इतिहास आणखी बोलका आहे. १९७८-७९ मध्ये गोव्यातील विद्यार्थी भाड्यात पन्नास टक्के सवलत मागण्यासाठी रस्त्यावर उतरले. तोपर्यंत येथील प्रवासी वाहतूक सगळीच खाजगी मालकांची होती. त्या चळवळीच्या पाठोपाठ १९८० मध्ये कदंब परिवहन महामंडळाची स्थापना झाली. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पिढीला हे सांगायला नको. पण तिच्या नातवंडांना सांगायला हवे, की गोव्यातील सरकारी बस ही कोणा मंत्र्याच्या कृपेने आलेली नाही, ती मागून, भांडून मिळवलेली आहे. महामंडळाला नाव दिले ते कदंब राजकुळाचे. हे राजे आपल्या बिरुदावलीत सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद मिरवीत आणि त्यांची राजधानी गोपकपट्टण हे जुवारीच्या काठावरचे भरभराटीचे बंदर होते. समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या राजांचे नाव घेतलेल्या महामंडळाच्या बसचा आणि नदीवरच्या बोटीचा मेळ मात्र चार दशकांहून अधिक काळ लोटला तरी बसलेला नाही. हा दोष चालकाचा नाही आणि वाहकाचाही नाही. बस एका खात्याकडे, फेरीबोट नदी परिवहन खात्याकडे, धक्के आणि जलमार्ग यांची देखरेख बंदर कप्तान खात्याकडे. तीन खाती, तीन दप्तरे, आणि त्यांच्यामध्ये भिजत उभा असलेला एक प्रवासी!

महामंडळाच्या कामात चांगले काही नाही असे आम्ही म्हणत नाही. पणजी–मडगाव, पणजी–वास्को, पणजी–म्हापसा या मार्गांवरच्या विनाथांबा बससाठी माणसे आधी तिकीट काढून रांगेत उभी राहतात, बस भरते, सुटते, दुसरी लागते. गोवेकराला रांग पाळता येत नाही, हा आरोप त्या रांगेने कधीच खोडून काढला आहे. सोय भरवशाची असली की माणूस आपोआप शिस्तीने वागतो. अडचण आहे ती या तीन-चार मोठ्या मार्गांच्या पलीकडे. अंतर्गत मार्गांवर आजही मोठा भार खाजगी बसवर आहे, आणि तिथली व्यवस्थाच अशी आहे, की तिच्यात संध्याकाळ बसत नाही.

ती व्यवस्था समजून घेतली पाहिजे. नुसते बसमालकांना शिव्या देऊन भागणार नाही. खाजगी बसची मिळकत म्हणजे त्या खेपेला चढलेली डोकी. म्हणून सकाळी नऊला बस स्थानकावर रेंगाळते, कंडक्टर गावांची नावे ओरडत राहतो, आणि एकदा सुटली की पुढच्या बसच्या आधी थांबा गाठण्यासाठी धावते. म्हणूनच रात्री साडेआठला ती येतच नाही, कारण बारा माणसांसाठी डिझेल जाळणे मालकाला परवडत नाही. मालक हा काही धर्मादाय संस्था नव्हे. त्याने हिशेब केला तर त्याला दोषही देता येत नाही. दोष आहे तो संध्याकाळची खेप त्याच्या हिशेबावर सोपवणाऱ्यांचा. बसला पैसे डोक्यांवर न देता धावलेल्या किलोमीटरवर दिले, भाड्याचा गल्ला सरकारी तिजोरीत गेला आणि ठरलेली खेप चुकवली तर दंड झाला, की तीच बस तोच मालक रात्री साडेआठला आनंदाने सोडतो. २०२३ मध्ये ‘म्हजी बस’ या नावाने खाजगी गाड्या महामंडळाच्या छत्राखाली आणण्याची जी योजना आली, तिची दिशा हीच आहे आणि ती योग्य आहे. तिची कसोटी मात्र गाड्यांच्या रंगावर किंवा उद्घाटनांच्या संख्येवर करू नये. शेवटची बस किती वाजता सुटते आणि ती रोज सुटते का, या एकाच मोजपट्टीने ती मोजावी.

कायदा नाही म्हणून हे होत नाही, अशीही सबब कोणी सांगू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ७२ वे कलम परवाना देणाऱ्या प्राधिकरणाला स्पष्ट अधिकार देते. मंजूर केलेले वेळापत्रक आणि भाडेपत्रक गाडीत व थांब्यांवर लावले पाहिजे, आणि त्या वेळापत्रकाच्या ठरावीक मर्यादेतच गाडी चालवली पाहिजे, अशा अटी त्याला परवान्यात घालता येतात. कागदावर शस्त्र आहे. ते म्यानातून काढणारा हात नाही. आपल्या गावच्या थांब्यावर असा एखादा फलक आहे का, हे वाचकांनी स्वतः जाऊन पाहावे.

आता फेरीबोटीकडे वळू. गोव्यात फेरीबोटीतून पायी प्रवास करणाऱ्याला भाडे पडत नाही. ही सवलत मोलाची आहे आणि ती राहिली पाहिजे. २०२३ मध्ये दुचाकींवर भाडे बसवण्याचा विचार पुढे आला तेव्हा बेटांवरच्या लोकांनी तो हाणून पाडला, ते योग्यच झाले. दिवाडीच्या माणसाला फेरीखेरीज दुसरा रस्ताच नाही. पर्वरीच्या माणसाला पूल फुकट आणि दिवाडीच्या माणसाला नदी विकत, हा न्याय कुठला? परंतु या फुकटपणाने एक मोठी हानीही केली आहे. जे फुकट मिळते त्याबद्दल बोलू नये, अशी एक भिडस्त समजूत त्यातून तयार झाली. बोट उशिरा सुटली, दोनपैकी एक बंद पडली, धक्क्यावर छप्पर नाही, पावसात बाईमाणसाला उभे राहायला आडोसा नाही. यावर तक्रार केली की उत्तर मिळते, ‘फुकट नेतात, आणखी काय हवे?’ आमचे उत्तर असे, की फुकट आणि सार्वजनिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुकट हे दान असते. सार्वजनिक हा हक्क असतो. दान देणाऱ्याच्या सवडीने मिळते, हक्क घड्याळाप्रमाणे मिळावा लागतो.

बोटीची आणि बसची वेळ न जुळल्याने काय होते, याचा साधा हिशेब मांडून पाहू. समजा, धक्क्यावरून दर वीस मिनिटांनी बोट सुटते आणि पलीकडून दर अर्ध्या तासाने बस. दोघींचा परस्परांशी काही संबंध नाही. मग प्रवाशाची सरासरी दहा मिनिटे बोटीसाठी आणि पंधरा मिनिटे बससाठी जातात. नदी ओलांडायला लागणाऱ्या पाच-दहा मिनिटांसाठी पंचवीस मिनिटांची प्रतीक्षा! हेच रात्री पाहा. बस तासाला एक असेल आणि बोट काठाला लागण्याच्या दोन मिनिटे आधी ती सुटली, तर अठ्ठावन्न मिनिटे अंधारात काढायची. ही दोन मिनिटे वाचवायला ना पूल लागतो, ना परदेशी कर्ज. लागतो तो एक कागद, ज्यावर दोन खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एकाच टेबलापाशी बसून सही केलेली आहे, आणि बसचालकाला दिलेला एक आदेश: बोट दिसत असेल तर थांब. बेटाच्या बाजूला फेरी एकवेळ उशिरापर्यंत मिळते. उतरल्यावर पुढे जायला बस नसते. म्हणजे सरकार माणसाला नदीपार नेऊन सोडते आणि मग म्हणते, आता तुझे तू पाहा.

यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा समाचार घेतला पाहिजे. पहिला आक्षेप: आता घरोघरी स्कूटर आहे, बस हवी कोणाला? गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या पुढे होती आणि नोंदलेल्या वाहनांची संख्या तिच्याही पुढे गेली आहे, हे खरे. पण याचा अर्थ लोकांना बस नको असा नाही. बसवर भरवसा उरला नाही असा आहे. जो पहिल्या पगारातून हप्त्यावर स्कूटर घेतो, तो हौसेने घेतो असे नाही, अनेकदा नाइलाजाने घेतो. आणि ज्याला ती चालवता येत नाही त्याचे काय? सोळा वर्षांची विद्यार्थिनी, ऐंशी वर्षांचे निवृत्त शिक्षक, दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करून परतणारी बाई, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला कीर्तनकार ही माणसे ‘घरोघरी स्कूटर’ या वाक्यात कुठेच बसत नाहीत. आपल्या सभांना येणारी माणसे बहुतांशी हीच आहेत, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा आक्षेप तोट्याचा. सार्वजनिक बस तोट्यात जाते, म्हणून ती वाढवता येत नाही. अटल सेतूने आजवर किती नफा मिळवून दिला, असे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. रस्त्यावर खर्च केला की ती गुंतवणूक, बसवर खर्च केला की तो तोटा. हा शब्दांचा खेळ मोटारवाल्यांनी मांडलेला आहे. पूल बांधून शहरात आणखी मोटारी आणायच्या, मग त्या उभ्या करायला जागा नाही म्हणून आणखी खर्च करायचा, आणि शेवटी जागा उरली नाही म्हणून पदपथ खायचा, हा हिशेब एकदा कोणीतरी तोट्याच्या रकान्यात लिहून दाखवावा.

तिसरा आक्षेप अधिक सफाईदार आहे. तो म्हणतो, धीर धरा, वॉटर टॅक्सी येते आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याची खाडी यांना राष्ट्रीय जलमार्गांत स्थान दिले. जुलै २०२५ मध्ये रायबंदर–चोडण मार्गावर मोठ्या रो-रो नौका आल्या. पुढे आणखी पुष्कळ येईल, असे सांगितले जाते. नव्या नौकांना आमचा विरोध नाही. परंतु नौका आणि सेवा यांत फरक आहे, आणि तो समजून घेण्यासाठी दोन शहरांकडे पाहावे. मुंबईत १७ फेब्रुवारी २०२२ रोजी मोठ्या थाटाने वॉटर टॅक्सी सुरू झाली. बेलापूरहून निघणाऱ्या कॅटामरानचे भाडे माणशी दोनशे नव्वद रुपये आणि वेगवान नौकेचे तर आठशेच्या वर. रोजच्या नोकरदाराला ते परवडणारे नव्हते. बघता बघता ती सेवा रोडावली. कोचीत २५ एप्रिल २०२३ रोजी ‘वॉटर मेट्रो’ सुरू झाली. दहा बेटे, अडतीस धक्के, अठ्ठ्याहत्तर नौका असा तिचा संकल्प आहे. विजेवर चालणाऱ्या नौका तिथल्याच जहाजबांधणी कारखान्यात बांधलेल्या. भाडे वीस रुपयांपासून. आणि मेट्रो व नौका या दोन्हींवर चालणारे एक कार्ड. मुंबईने नौकेपासून आरंभ केला, कोचीने बेटावरच्या माणसापासून. दोन्हींच्या दैवातला फरक तिथे आहे. गोव्यातील वॉटर टॅक्सी कोणासाठी येणार, विमानतळावरून किनाऱ्याकडे जाणाऱ्या पाहुण्यासाठी, की चोडणहून रुग्णालयात जाणाऱ्या आजीसाठी, हा प्रश्न नौका बांधण्याआधी विचारायचा असतो. बांधून झाल्यावर नव्हे.

आणि नदीवर रात्री वाहतूक करता येत नाही, असे तर कोणी मांडवीच्या काठावर उभे राहून म्हणूच नये. पणजीसमोर कॅसिनोंची जहाजे नांगर टाकून उभी आहेत. त्यांच्या गिऱ्हाइकांना नेणाऱ्या-आणणाऱ्या होड्या मध्यरात्रीनंतरही चालू असतात. धक्का उजळलेला असतो, होडी भरण्याची वाट न पाहता सुटते, पाऊस असला तर छत्री धरायला माणूस असतो. जुगाऱ्याला जी नदी पहाटे दोनला पार करता येते, ती कीर्तन ऐकून निघालेल्या माणसाला रात्री साडेआठलाही दुर्लंघ्य का वाटावी? प्रश्न भरती-ओहोटीचा नाही, प्रवाहाचा नाही, दिव्यांचाही नाही. प्रश्न एवढाच आहे, की या शहराला कोणाची वेळ मोलाची वाटते.

आमचे त्रैमासिक गोव्याबाहेरच्या मराठी संस्थांकडेही जाते, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. हा प्रश्न एकट्या पणजीचा नाही. इंदूरमध्ये २०१३ पासून निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या सुमारे साडेअकरा किलोमीटरांच्या मार्गावर बससाठी राखीव मार्गिका होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती काढून टाकण्यास मान्यता दिली. मार्गिकेच्या गुणदोषांची चर्चा तज्ज्ञांनी करावी. आम्हाला एकच गोष्ट दिसते. मोटारीत बसलेल्याचा आवाज सरकारपर्यंत लवकर पोहोचतो, बसमध्ये उभ्या असलेल्याचा पोहोचत नाही. तो पोहोचवणे हे ज्यांच्या हाती लेखणी आहे त्यांचे काम आहे. बस ही चळवळीने मिळवावी लागते आणि मिळवल्यावर राखावीही लागते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतो. पहिली: नदी परिवहन खाते आणि कदंब महामंडळ यांनी बेती, रायबंदर आणि जुने गोवे येथील धक्क्यांसाठी बस आणि बोट यांचे एकच वेळापत्रक तयार करावे आणि ते धक्क्यावर, मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत, ठळक अक्षरांत लावावे. दुसरी: पणजीहून तालुक्याच्या प्रत्येक दिशेला रात्री नऊनंतर किमान एक बस ठरल्या वेळी, प्रवासी दोन असोत की वीस, सुटावी, तिचा खर्च किलोमीटरमागे सरकारने द्यावा. तिसरी: प्रत्येक धक्क्यावर छप्पर, दिवा, बाक आणि स्वच्छतागृह असावे. चौथी: नव्या जलवाहतुकीचा कोणताही आराखडा मंजूर करताना तिच्या प्रत्येक धक्क्यावर कोणती बस येणार, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे, ते नसेल तर तो आराखडा नागरिकांचा नव्हे, सहलीचा आहे असे समजावे.

आता आपल्या संस्थांनी काय करायचे? मंत्र्यांना आपण उद्घाटनाला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो आणि संमेलनासाठी अनुदान मागतो. यापुढे एकदा अनुदानाऐवजी वेळापत्रक मागून पाहावे. अनुदानाने एका दिवसाचा मांडव उभा राहतो; रात्री नऊच्या बसने वर्षाच्या तीनशे पासष्ट संध्याकाळी मोकळ्या होतात. त्या संध्याकाळींत केवळ मराठी व्याख्याने होतील असे नाही; तियात्रे होतील, भजने होतील, कोंकणी कविसंमेलनेही होतील. शेवटची बस भाषा विचारत नाही, आणि या प्रश्नावर मराठी व कोंकणी या दोन्ही घरांनी एका सुरात बोलायला हरकत नसावी. प्रत्येक संस्थेने आपल्या निमंत्रणपत्रिकेवर, अध्यक्षांच्या नावाखाली, त्या दिवशीच्या परतीच्या शेवटच्या बसची आणि फेरीबोटीची वेळ छापावी. ती वेळ कोणत्या कार्यालयात मिळते हे शोधायला गेले की प्रश्न किती खोल आहे ते आपोआप कळेल. ज्या दिवशी ती वेळ न शोधता मिळेल आणि छापल्याप्रमाणे खरी ठरेल, त्या दिवशी सभागृहे पुन्हा भरतील की नाही, यावर बोलण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल. तोवर श्रोत्यांच्या आवडीनिवडीवर परिसंवाद भरवू नयेत. आधी त्यांना घरी पोहोचवण्याची सोय करावी.